नेदराइट कुठे शोधायचं, कसं काढायचं आणि पहिला इंगट कशावर खर्च करायचा

माइनक्राफ्ट या गेममध्ये नेदर नावाचं लाव्हाने भरलेलं दुसरं जग आहे. तिथल्या दगडात एन्शंट डेब्री नावाचे दुर्मिळ ब्लॉक दडलेले असतात, आणि त्यांच्यापासून नेदराइट हा मजबूत धातू बनतो; त्याची वीट म्हणजे इंगट. भांडुपहून नववीतल्या एका मुलाने विचारलंय, "दादा, मी मोबाईलवर माइनक्राफ्ट खेळतो. दोन आठवडे नेदरमध्ये खोदतोय, पण एन्शंट डेब्री मिळाल्या जेमतेम चार-पाच. एकदा लाव्हात पडलो आणि डायमंडचं सगळं सामान जळालं. आई रोज अर्धाच तास फोन देते, वर मुलुंडच्या क्लासला जाता-येता गाडीत थोडं खेळतो. व्हिडिओवाले एका फेरीत पेटी भरतात, मग मलाच का मिळत नाही? आणि मिळाल्या तर आधी काय बनवू?"

परळला आमच्या सोसायटीतल्या आणि शेजारच्या चाळींतल्या पोरांसाठी मी काही वर्षं एक छोटा सर्व्हर चालवतो. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे निम्म्या पोरांचा हाच प्रश्न असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या नशिबाला बोल लावू नकोस. डेब्री किती मिळतात हे एकाच गोष्टीवर ठरतं: योग्य उंचीवर, एका मिनिटात, तू किती नवे ब्लॉक डोळ्यांखालून घालतोस. त्यातही "नवे" हा शब्द महत्त्वाचा. बाकी सगळ्या युक्त्या हा आकडा वाढवण्यासाठी आहेत, किंवा तो वाढवताना मरू नये म्हणून आहेत.

आधी उंची. सेटिंगमध्ये जाऊन कोऑर्डिनेट्स चालू कर. मधला आकडा म्हणजे वाय. डेब्री साधारण वाय ८ ते २२ या पट्ट्यात दाटीने असतात आणि १५ च्या आसपास सर्वांत जास्त. वरही तुरळक सापडतात, पण त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जग तयार होताना डेब्री कधीच हवेला उघडी राहत नाही. तिच्या सगळ्या बाजू दगडाने बंद असतात. म्हणजे वरच्या जगात (नेदरबाहेरच्या मूळ जगात) आपण गुहेत हिंडून लोखंड, कोळसा टिपतो, ती सवय इथे कामाची नाही. नेदरच्या मोकळ्या जागेत तू तासभर फिरलास तरी भिंतीत एकही डेब्री दिसणार नाही. तुझ्या दोन आठवड्यांतला बराच वेळ असाच गेला असणार, कारण नेदरमध्ये गेल्यावर मोकळं दिसेल तिकडे चालत सुटायचा मोह सगळ्यांनाच होतो.

दुसरी गोष्ट चंकची. १६ बाय १६ ब्लॉकचा तुकडा म्हणजे एक चंक, आणि प्रत्येक चंकसाठी गेम डेब्रीचा हिशोब वेगळा करतो. एका चंकात काही मिळालं नाही म्हणून पुढच्यात जास्त मिळेल, असं काही नसतं. एका चंकात तीन सापडल्या म्हणून तिथेच अजून दडलेल्या असतील, असंही नाही. आमच्या सर्व्हरवर एका पोराने डेब्री सापडली त्या जागेभोवती सगळं पोखरून काढलं होतं, जमिनीपासून छतापर्यंत. हाती काही लागलं नाही. सापडलेल्या डेब्रीला चिकटून असलेले ब्लॉक, कोपऱ्यातलेसुद्धा, जरूर फोड, कारण एका घोसात तीनपर्यंत असू शकतात. ते झालं की सरळ पुढे चालू लाग.

सरळ म्हणजे खरंच सरळ. दोन ब्लॉक उंच, एक ब्लॉक रुंद बोगदा एकाच दिशेने काढत गेलास, तर प्रत्येक पावलाला दोन ब्लॉक फुटतात आणि आजूबाजूचे सहा नवे उघडे पडतात. बोगदा संपवून परत यायचं असेल तेव्हा शेजारचा बोगदा अगदी लागून काढू नकोस, मध्ये चार-पाच ब्लॉक सोड. लागून काढलास तर एकही डेब्री सुटणार नाही हे खरं, पण बाजूची एक भिंत आधीच पाहिलेली असते आणि वेळ तेवढाच जातो. आपल्याला एका भागातली शेवटची डेब्री काढायची नाही, अर्ध्या तासात जास्तीत जास्त काढायच्या आहेत. नेदर अफाट आहे, सुटलेल्या डेब्रींची हळहळ करू नकोस.

पिकॅक्स (कुदळ) किमान डायमंडचा लागतो, लोखंडी पिकॅक्सने डेब्री फोडलीस तर ब्लॉक नाहीसा होतो आणि हातात काही येत नाही. त्यावर एफिशियन्सी (वेगाने खोदण्याची जादू; अशा जादूला एन्चांटमेंट म्हणतात) चांगली चढवलेली असेल तर नेदररॅक, म्हणजे नेदरमधला साधा लाल दगड, स्पर्श होताच फुटतो, चालण्याच्या वेगाने बोगदा होतो. फॉर्च्यूनचा (एका ब्लॉकमधून जास्त माल देणाऱ्या एन्चांटमेंटचा) डेब्रीवर काहीही परिणाम होत नाही, एका ब्लॉकमधून एकच मिळते. तो पिकॅक्स हिऱ्यांसाठी जपून ठेव.

आता व्हिडिओवाले पेटी कशी भरतात ते सांगतो. ते स्फोटाने खोदतात. डेब्रीला स्फोटाने काही होत नाही, नेदररॅक मात्र पापडासारखा उडतो. स्फोट झाला की खड्डा पडतो आणि त्याच्या भिंतीत डेब्री तशीच शाबूत उभी दिसते. स्फोटासाठी दोन साधनं आहेत, बेड आणि टीएनटी.

नेदरमध्ये बेडवर झोपायला गेलं की तो फुटतो, आणि टीएनटीपेक्षा जोरात फुटतो. लागते फक्त तीन लोकर आणि तीन फळ्या, त्यामुळे सगळे बेडची शिफारस करतात. तू मोबाईलवर खेळतोस, म्हणून माझं मत वेगळं आहे. बेड एकावर एक रचले जात नाहीत, एका खणात एकच मावतो. इन्व्हेंटरीचे ३६ खण त्यातच भरून जातात. बेडच्या स्फोटाने आग लागते, नेदररॅकवरची आग आपोआप विझत नाही आणि ज्वाळांमागे डेब्री दिसत नाही. शिवाय टच स्क्रीनवर बेड ठेवण्यासाठी टॅप आणि वापरण्यासाठीही टॅप. बोट चुकून दोनदा लागलं की तू समोर उभा असतानाच स्फोट होतो. गाडीत धक्का बसला तर विचारूच नकोस.

टीएनटीला पाच गनपावडर आणि चार वाळू लागते, म्हणजे आधी क्रीपर (मारल्यावर गनपावडर देणारे राक्षस) मारण्याची सोय करायला हवी. पण एका खणात ६४ मावतात आणि त्याच्या स्फोटाने आग लागत नाही. करायचं असं: वाय १५ ला पिकॅक्सने लांब सरळ बोगदा काढ. शेवटाला पोहोचलास की मागे येत येत दर चार ब्लॉकला एक टीएनटी ठेव. तू उभा आहेस त्या बाजूची शेवटची टीएनटी फ्लिंट अँड स्टीलने (चकमकीने) पेटव आणि मागे पळ. पेटवल्यापासून चार सेकंद मिळतात. मागे दगडाचा आडोसा आधीच करून ठेवलेला असू दे. एक फुटली की पुढची पेटते, मग त्याच्या पुढची. सगळं शांत झालं की आत जा. धावत जाऊ नकोस.

इथेच पोरं मरतात, म्हणून या जागेवर थांबून सांगतो. नेदरमधले मोठे लाव्हाचे समुद्र वाय ३१ च्या खाली असतात, आणि तू १५ वर आहेस. म्हणजे कुठे ना कुठे तुझ्या डोक्यावर किंवा भिंतीपलीकडे लाव्हा आहेच, शिवाय दगडात बंद असलेले सुटे कप्पे वेगळे. स्फोटाने भिंत फुटली की तो आत येतो. नेदरमध्ये लाव्हा वरच्या जगापेक्षा वेगाने आणि लांबपर्यंत वाहतो, आणि पाणी ओतून त्याला थांबवण्याची सोय नाही, पाणी तिथे राहतच नाही. स्फोटानंतर आत पाहताना आधी छताकडे पाहा. छतातून नारिंगी थेंब टपकत असतील तर वरच्या ब्लॉकवर लाव्हा आहे, तो ब्लॉक फोडायचा नाही. हातात कायम कॉबलस्टोनचा गठ्ठा ठेव. लाव्हा दिसला की पहिलं काम वाट बुजवायचं, मग डेब्रीकडे बघायचं. डेब्री ओळखायची खूण म्हणजे तिच्या वरच्या बाजूला भोवऱ्यासारखी गोल नक्षी आणि कडेला तपकिरी पट्टे. लाल नेदररॅकमध्ये ती तपकिरी-करडी दिसते. मोबाईलचा ब्राइटनेस आणि गेममधला ब्राइटनेस दोन्ही वाढव, खरंच फरक पडतो.

आणि फायर रेझिस्टन्सच्या (आगीपासून वाचवणाऱ्या पोशनच्या, म्हणजे जादुई औषधाच्या) बाटल्यांशिवाय वाय १५ ला उतरूच नकोस. पाण्याच्या बाटलीत नेदर वॉर्ट, मग मॅग्मा क्रीम. तीन मिनिटांचं पोशन मिळतं. त्यात रेडस्टोन घातलास की आठ मिनिटांचं होतं. आठ मिनिटांच्या चार बाटल्या म्हणजे तुझा अख्खा अर्धा तास झाला. नेदर वॉर्ट फोर्ट्रेसमध्ये, म्हणजे नेदरमधल्या किल्ल्यात, मिळतो, तो एकदा आणून घरी सोल सँडवर लावला की पुन्हा जावं लागत नाही. पोशन अंगात असताना लाव्हात पडलास तरी पोहत बाहेर येतोस. तुझं ते डायमंडचं सामान एका बाटलीने वाचलं असतं.

पोशन असूनही मेलास तर घाबरून धावत सुटू नकोस. पडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं हे बरोबर, पण ती पाच मिनिटं तो भाग लोड असतानाच मोजली जातात. तू वरच्या जगात पुन्हा जिवंत झालास आणि सामान पडलं त्या भागात दुसरं कोणी नसेल तर घड्याळ थांबलेलं असतं. नीट आर्मर घाल, पोशन घे, मग जा. लाव्हात पडलेलं सामान मात्र वेगळं. डायमंडचं जळतं, डेब्री, स्क्रॅप (भाजलेली डेब्री), इंगट आणि नेदराइटच्या सगळ्या वस्तू जळत नाहीत, लाव्हावर तरंगतात.

आता तुझा अर्धा तास. माझा आग्रह असा की तयारी आणि खोदाई एकाच दिवशी करू नकोस. गाडीतला वेळ तयारीला ठेव: पोशन बनवणं, वाळू गोळा करणं, गावकऱ्यांशी व्यवहार, पेट्या लावणं. ही कामं नाहूर स्टेशनला गर्दी चढली आणि फोन खिशात टाकावा लागला तरी बिघडत नाहीत. घरचा अर्धा तास दोन-तीन दिवस असाच तयारीला दे आणि मग एक अख्खा अर्धा तास फक्त बोगद्याला. उभ्याने, एका हाताने, लाव्हाच्या शेजारी खोदायचं नाही.

डेब्री मिळाल्यावर पुढचा हिशोब पोरं नीट करत नाहीत, आणि खरी अडचण तिथे आहे. डेब्री भट्टीत भाजली की एक स्क्रॅप. ब्लास्ट फर्नेस असेल तर निम्म्या वेळात. चार स्क्रॅप आणि चार सोन्याच्या इंगटचा मिळून एक नेदराइट इंगट. डायमंडची एक वस्तू नेदराइटची करायला एक इंगट लागतो. आर्मरचे चार भाग आणि पाच हत्यारं-अवजारं धरली तर नऊ इंगट, म्हणजे ३६ डेब्री आणि ३६ सोनं. २०२० च्या जूनमध्ये १.१६ अपडेटने नेदराइट आलं तेव्हा एवढ्यावर काम भागायचं. २०२३ च्या जूनमधल्या १.२० पासून प्रत्येक वस्तूमागे एक नेदराइट अपग्रेड टेम्प्लेटही (साचाही) लागतं, आणि ते वापरलं की संपतं. जुने व्हिडिओ पाहून तयारी करणारे इथे अडकतात.

टेम्प्लेट फक्त बॅस्टियनमध्ये, म्हणजे नेदरमधल्या पिगलिनच्या पडक्या गढ्यांत मिळतं; पिगलिन म्हणजे डुकरासारखे दिसणारे नेदरमधले रहिवासी. ट्रेझर रूम असलेल्या बॅस्टियनमध्ये मुख्य पेटीत ते हमखास असतं; बाकीच्या बॅस्टियनच्या पेट्यांत साधारण दहांत एकदा. बसाल्ट डेल्टामध्ये बॅस्टियन नसतो, तिकडे शोधू नकोस. आत जाताना सोन्याचा एक तरी आर्मर अंगावर हवा, म्हणजे साधे पिगलिन अंगावर येत नाहीत. पण तू पेटी उघडलीस किंवा सोन्याचा ब्लॉक फोडलास की तेही चिडतात, आणि ब्रूट (पिगलिनचाच दांडगा प्रकार) तर सोनं असो वा नसो, हल्ला करतोच. म्हणून पेटीपर्यंत पोहोचलास की आधी स्वतःभोवती दगडाची भिंत घाल, कोणाला पेटी उघडताना दिसणार नाही अशी, मग उघड. ट्रेझर रूममधले सोन्याचे ब्लॉक फोडून आणलेस तर ३६ सोन्याचा प्रश्नही तिथेच मिटतो.

एक टेम्प्लेट मिळालं की पुढची बनवता येतात: एक टेम्प्लेट, एक नेदररॅक आणि सात हिरे दिले की दोन होतात. आता बेरीज कर. नऊ वस्तूंसाठी आठ नकला, म्हणजे ५६ हिरे. डायमंडच्या मूळ नऊ वस्तूंना लागतात ३५. एकूण ९१. म्हणजे खरा तुटवडा डेब्रीपेक्षा हिऱ्यांचा आहे आणि हे आधी कळलं तर दोन्ही कामं बरोबरीने चालवता येतात. हिऱ्यांसाठी वरच्या जगात वाय उणे ५८-५९ ला बोगदा काढ; १.१८ पासून खाली जाल तसे हिरे वाढत जातात. फॉर्च्यून तीनचा पिकॅक्स असेल तर एका ओअरमधून (हिरा असलेल्या दगडातून) चारपर्यंत हिरे मिळतात. तो तयार नसेल तर ओअर सापडल्यावर फोडू नकोस, जागा लिहून ठेव.

यातले ३५ हिरे मात्र पूर्ण वाचवता येतात, आणि हा सल्ला मी सर्व्हरवरच्या प्रत्येक पोराला देतो. आर्मरर, टूलस्मिथ आणि वेपनस्मिथ गावकरी वरच्या पातळीला पोहोचले की डायमंडच्या वस्तू पाचूच्या बदल्यात विकतात, त्याही बहुतेक एन्चांट केलेल्या. पाचू मिळवायला शेती करून धान्य विकायचं, काठ्या विकायच्या. हे सगळं काम गाडीत बसून होण्यासारखं आहे. मग खाणीतून आलेला प्रत्येक हिरा टेम्प्लेटला जातो.

मित्रांबरोबर खेळत असशील तर टेम्प्लेट एकट्याच्या पेटीत ठेवू नका. आमच्याकडे स्पॉनजवळ (खेळ सुरू होतो त्या जागेजवळ) एक सामाईक पेटी आहे, तिच्यात कायम एक टेम्प्लेट असतं. ज्याला हवं त्याने सात हिरे आणायचे, नक्कल करायची, एक घ्यायचं, एक परत ठेवायचं. त्यामुळे प्रत्येकाला बॅस्टियनमध्ये जीव धोक्यात घालावा लागत नाही आणि लहान पोरंही मागे पडत नाहीत. सीडवरून (गेमचं जग ज्या आकड्यावरून बनतं त्यावरून) बॅस्टियनची जागा दाखवणारा नकाशा वापरायला माझी हरकत नाही, अर्ध्या तासाच्या खेळाडूला ते रास्तच आहे. भिंतीपलीकडची डेब्री दाखवणारा एक्सरे मात्र आम्ही चालू देत नाही. त्याने शोधायचं कौशल्यच जातं, आणि बाकीच्या पोरांची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पहिला इंगट पिकॅक्सवर घाल. बरेच जण चेस्टप्लेट म्हणतील, त्यांचं कारण समजतं, पण तुझं नुकसान लाव्हात झालंय. तुझ्या सामानात एन्चांटमेंटची सगळ्यात जास्त मेहनत पिकॅक्सवर गेलेली असते, तोच सतत लाव्हाच्या शेजारी असतो. नेदराइटचा झाला की तो जळणार नाही आणि १५६१ ऐवजी २०३१ ब्लॉक टिकेल. अपग्रेड करताना एन्चांटमेंट जात नाहीत, त्यामुळे आधी मेंडिंग आणि अनब्रेकिंग (वस्तू जास्त टिकवणाऱ्या एन्चांटमेंट) चढवलेली असली तरी चालतं. खोदण्याचा वेग फारसा वाढत नाही, त्या अपेक्षेने करू नकोस.

त्यानंतर लेगिंग्ज, मग बूट आणि हेल्मेट. नेदराइटचा प्रत्येक भाग मागे फेकलं जाण्याचा धक्का दहा टक्क्यांनी कमी करतो. नेदरच्या कड्यावर गास्टचा (आगीचे गोळे फेकणाऱ्या उडत्या राक्षसाचा) गोळा लागला की याची किंमत कळते. चेस्टप्लेट मी मुद्दाम मागे ठेवतो. एंडला (गेममधल्या तिसऱ्या जगात) जाऊन एलिट्रा (उडायचे पंख) आणलास की तो चेस्टप्लेटच्याच जागी घालावा लागतो, मग सात हिरे आणि चार डेब्री पेटीत पडून राहतात. एंडला जायचा इतक्यात विचार नसेल तर मात्र चेस्टप्लेट लेगिंग्जच्याही आधी घे, सगळ्यात जास्त संरक्षण त्याचंच. तलवार नंतर, कुऱ्हाड आणि फावडं सवडीने. खुरप्याला नेदराइट लावायचं ते सगळं झाल्यावर.

टेम्प्लेट आणि उरलेले हिरे घेऊन कधीच खाणीत उतरू नकोस, नेदराइटसारखं लाव्हापासूनचं संरक्षण त्यांना नाही. पोर्टलजवळ एक पेटी ठेव, डेब्री सोडून बाकी सगळं किमती सामान तिथे काढून ठेवायचं आणि मगच खाली जायचं.